व्हॅक्यूम क्लीनरची सफाई वजनाने कशी मोजावी : प्रयोगशाळेची पद्धत आणि घरची चाचणी

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे विक्रेते आमच्या घरी व्हॅक्यूम क्लीनरचे प्रात्यक्षिक दाखवायला आले होते. त्यांनी नळी आणि यंत्र यांच्यामध्ये पांढऱ्या कापडाची एक चकती बसवली, आमच्या गादीवरून नोझल चार-पाच वेळा फिरवले आणि चकती काढून आईच्या हातात दिली. तिच्यावर करड्या धुळीचा चांगला जाड थर बसला होता. आईला दम्याचा त्रास असल्यामुळे तो थर पाहून आम्ही सगळेच हादरलो आणि यंत्र त्याच संध्याकाळी घेतले. त्या गादीत मुळात धूळ होती किती, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नाही. चकतीवरची धूळ हा फक्त अंश होता, छेद आम्हाला कोणी दाखवलाच नव्हता, आणि छेदाशिवाय अपूर्णांकाला काही अर्थ नसतो.

कापडाची ही युक्ती या यंत्राइतकीच जुनी आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ फुंकून उडवण्याऐवजी ती आत ओढून घेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधी त्याने एका उपाहारगृहातील खुर्चीवर हातरुमाल ठेवून त्यातून तोंडाने हवा ओढली आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ साठलेली पाहिली, अशी हकिकत त्यानेच सांगितलेली आहे. हवेच्या ओढीने धूळ निघते एवढेच बूथला सिद्ध करायचे होते आणि त्यासाठी रुमाल पुरेसा होता. दोन यंत्रांपैकी कोणते अधिक स्वच्छ करते हे ठरवायचे असेल तर मात्र रुमाल कामाचा नाही. तेथे तराजू लागतो.

म्हणून यंत्र निवडताना, किंवा घरात असलेले यंत्र नीट काम करते की नाही हे पाहताना, एकच प्रश्न मनाशी ठेवावा : मोजून टाकलेल्या धुळीपैकी किती ग्रॅम धूळ डब्यात आली? प्रयोगशाळा हेच मोजतात. तेथील काटेकोरपणा घरी आणता येत नाही, पण मोजण्याची रीत आणता येते.

खोक्यावरचे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

दुकानात सर्वांत ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो. तो यंत्र किती वीज घेते ते सांगतो. त्या विजेतली किती धूळ ओढण्याच्या कामी आली आणि किती उष्णता व आवाज यांत गेली, याचा त्यात उल्लेख नसतो. युरोपीय महासंघाने याबाबत घालून दिलेले नियम फार बोलके आहेत. तेथे १ सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १,६०० वॅटची कमाल मर्यादा लागू झाली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वॅटवर आणण्यात आली. त्याच वेळी सफाईची किमान अट मात्र वाढवण्यात आली : कार्पेटवरून उचललेल्या धुळीचे प्रमाण किमान ०.७० असावे, ही अट ०.७५ झाली आणि फटी असलेल्या कठीण जमिनीसाठी ०.९५ ची अट ०.९८ झाली. विजेची मर्यादा जवळजवळ निम्म्यावर येत असताना सफाईची अट चढत गेली, यावरून या दोन गोष्टी एकमेकींना किती सैलपणे बांधलेल्या आहेत हे लक्षात यावे.

दुसरा आकडा पास्कल किंवा किलोपास्कलचा. नोझलचे तोंड पूर्ण बंद केल्यावर आत किती निर्वात दाब तयार होतो, ते तो सांगतो. एक किलोपास्कल म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलण्याची ओढ, म्हणजे २० किलोपास्कलचे यंत्र पाणी सुमारे दोन मीटर वर खेचू शकेल. हे ऐकायला भारदस्त वाटते, पण तोंड पूर्ण बंद असताना हवा वाहत नाही, आणि वाहती हवा नसेल तर धुळीचा एक कणही डब्यापर्यंत पोहोचणार नाही. उलट तोंड पूर्ण मोकळे ठेवले तर हवा भरपूर वाहते, पण ओढ जवळजवळ उरत नाही. खरे काम या दोन टोकांच्या मधे कोठेतरी होते. समजा, एखाद्या यंत्राची बंद तोंडाची ओढ २० किलोपास्कल आहे, मोकळ्या तोंडाचा प्रवाह सेकंदाला ३६ लिटर आहे आणि प्रवाह वाढेल तशी ओढ सरळ रेषेत उतरत जाते. मग दोन्ही निम्म्यावर असताना, म्हणजे १० किलोपास्कल आणि १८ लिटर या ठिकाणी, त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा येतो आणि तो १८० वॅट भरतो. याला एअर वॅट म्हणतात. हा आकडा साध्या वॅटपेक्षा आणि साध्या पास्कलपेक्षा निश्चितच अधिक उपयोगी आहे, आणि विक्रेत्याकडून एकच आकडा मिळणार असेल तर तोच मागावा. पण तोही यंत्राच्या पोटातल्या ताकदीचाच आकडा आहे. ती ताकद नोझलच्या ओठाशी कशी पोहोचते, ब्रशचे केस गालिच्याच्या लवीत किती खोल शिरतात आणि नोझल जमिनीला किती नेमके टेकते, यांवर शेवटी सफाई अवलंबून असते. त्यामुळे एअर वॅट सारखे असलेल्या दोन यंत्रांनी गालिच्यावरून निरनिराळ्या वजनाची धूळ उचलावी, यात नवल नाही.

प्रयोगशाळेत धूळ कशी पेरतात

घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयईसी या संस्थेने ठरवून दिलेली आहे. पूर्वी ती आयईसी ६०३१२ या क्रमांकाने ओळखली जाई आणि आता ती आयईसी ६२८८५ या मालिकेत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या आणि आपोआप फिरणाऱ्या रोबोट यंत्रांसाठी त्याच मालिकेत वेगळे भाग आहेत. अमेरिकेत एएसटीएम एफ ६०८ ही पद्धत वापरतात. तिच्यात १०० ग्रॅम मिश्रण घेतात : ९० ग्रॅम सिलिकाची वाळू आणि १० ग्रॅम शंखजिऱ्याची पूड. हे मिश्रण चार निरनिराळ्या प्रकारच्या कार्पेटमध्ये रुतवून मग यंत्र चालवतात.

आयईसीच्या कार्पेट चाचणीत डोलोमाइट दगडाचे बारीक कण धूळ म्हणून वापरतात. हे वाचताना मला पहिल्यांदा आठवली ती आपली रांगोळी, कारण तीही दगडाचीच भुकटी असते. त्या आठवणीचा उपयोग पुढे घरच्या चाचणीत होणार आहे. ठरलेल्या विणीच्या कार्पेटवर दर चौरस मीटरला १२५ ग्रॅम या प्रमाणात हे कण एकसारखे पसरतात आणि वरून रूळ फिरवून ते लवीत दाबतात. घरात धूळ पायांखाली तुडवली जाऊन आत जाते, त्याचीच ही नक्कल आहे. नुसती वर भुरभुरलेली धूळ कोणतेही यंत्र उचलते, त्यामुळे या दाबण्याशिवाय चाचणी निरर्थक ठरेल. नंतर नोझल सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने पुढे आणि मागे फिरवतात. पुढे आणि मागे मिळून एक फेरी, अशा पाच फेऱ्या होतात. डब्याचे किंवा पिशवीचे वजन चाचणीच्या आधी आणि नंतर घेतात. आलेल्या वजनाला पेरलेल्या वजनाने भागले की सफाईचा अपूर्णांक मिळतो, आणि हे सारे पुन्हा पुन्हा करून सरासरी काढतात.

या साध्या दिसणाऱ्या भागाकारामागे बरीच दक्षता असते. खोलीचे तापमान २३ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते, कारण लोकरीचे कार्पेट आणि कागदी पिशवी दोन्ही हवेतला ओलावा शोषतात आणि काही ग्रॅमच्या मोजणीत तो ओलावा धुळीसारखा वजनात धरला जातो. कार्पेट जुने होत जाते तशी त्याची धूळ सोडण्याची तऱ्हा बदलते, म्हणून एक ठरावीक संदर्भ यंत्र बाजूला राखून ठेवतात आणि त्याच कार्पेटवर ते चालवून पाहतात. संदर्भ यंत्राचा आकडा हलला, तर बदल कार्पेटमध्ये झाला आहे हे कळते. मला या संपूर्ण पद्धतीतील ही सर्वांत समंजस गोष्ट वाटते.

कठीण जमिनीची चाचणी आपल्याकडच्या घरांना अधिक जवळची आहे. गुळगुळीत सपाट जमिनीवरून धूळ उचलणे जवळजवळ सगळ्याच यंत्रांना जमते, तेथे चांगले-वाईट निवडता येत नाही. म्हणून लाकडी फळीत ३ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल अशी फट पाडतात, तिच्यात धूळ भरतात आणि यंत्र तिच्यावरून नेतात. जुन्या वाड्यातील शहाबादी फरशीच्या दरजा ज्यांनी काडीने कोरून साफ केल्या आहेत, त्यांना या चाचणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

या चाचणीचा निकाल वाचताना मात्र एक विचित्र गोष्ट समोर येते. युरोपच्या श्रेणींनुसार कठीण जमिनीसाठी 'ए' श्रेणी मिळवायला १.११ किंवा त्याहून अधिक गुण लागत. म्हणजे टाकलेल्या धुळीच्या १११ टक्के धूळ उचलली! यात लबाडी नाही. नोझलच्या रुंदीखाली फटीचा जेवढा भाग येतो, तेवढ्यातली धूळ छेद म्हणून धरलेली असते, पण वेगाने वाहणारी हवा त्या रुंदीच्या बाहेरची, फटीत पुढे-मागे भरलेली धूळही खेचून आणते आणि ती अंशात जमा होते. कार्पेटच्या बाबतीत असे होत नाही. तेथे ०.९१ च्या वर 'ए', ०.८७ ते ०.९१ 'बी', ०.८३ ते ०.८७ 'सी' अशा चार-चार शतांशांच्या पायऱ्या होत्या आणि ०.७१ च्या खाली 'जी'. म्हणूनच एखाद्या जाहिरातीत 'शंभर टक्के सफाई' असे लिहिलेले दिसले, तर प्रथम जमीन कोणती होती ते पाहावे आणि मग छेद कोणता धरला होता ते विचारावे.

रिकाम्या डब्याचा खटला

या श्रेणी छापलेले ऊर्जालेबल युरोपात सप्टेंबर २०१४ पासून यंत्रांवर लागत होते, पण १९ जानेवारी २०१९ पासून ते रद्द झाले, आणि त्यामागचे कारण प्रत्येक ग्राहकाने समजून घेण्यासारखे आहे. लेबलसाठीची चाचणी रिकाम्या डब्याने किंवा कोऱ्या पिशवीने केली जात असे. डायसन कंपनीने यावर न्यायालयात आक्षेप घेतला. घरात यंत्र रिकामे राहत नाही, ते भरत जाते, आणि भरत जाताना काही यंत्रांची ओढ घटते, तेव्हा रिकाम्या यंत्राचा आकडा ग्राहकाची दिशाभूल करतो, असे तिचे म्हणणे होते. २०१५ मध्ये कनिष्ठ पायरीवर हा दावा फेटाळला गेला, २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फेरविचारासाठी परत पाठवला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. चाचणी शक्य तितकी प्रत्यक्ष वापरासारखी असली पाहिजे, हे त्या निकालाचे सार होते. डायसनचा स्वतःचा व्यापारी स्वार्थ यात होताच, कारण ती पिशवीशिवाय चालणारी यंत्रे विकते, पण स्वार्थी माणसाने मांडलेला मुद्दाही बरोबर असू शकतो आणि हा मुद्दा बरोबर होता, असे माझे मत आहे. वीज आणि सफाई यांच्या किमान अटींचा जो वेगळा नियम होता, तो या निकालाने रद्द झाला नाही.

घरच्या चाचणीसाठी यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, यंत्र एकदा रिकाम्या डब्याने आणि एकदा निम्म्याहून अधिक भरलेल्या डब्याने चालवून पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

बॅटरीच्या यंत्रांच्या बाबतीत असाच एक फरक लपलेला असतो. 'साठ मिनिटे चालते' हे वाक्य बहुधा सर्वांत मंद गतीचे असते आणि सफाईचा किंवा पास्कलचा आकडा सर्वांत जोराच्या गतीचा. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकाच वेळी खरे नसतात. 'सर्वांत जोराच्या गतीला किती मिनिटे?' हे स्पष्ट शब्दांत विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

घरी चाचणी कशी करावी

साहित्य फार लागत नाही. जाडसर पांढरी रांगोळी, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक गडद रंगाची सतरंजी किंवा गालिचा, खडू, बारीक चाळणी, लाटणे आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. तोंडाला मास्क अवश्य लावावा, कारण दगडाची बारीक भुकटी श्वासावाटे आत जाणे चांगले नाही, आणि दम्याच्या माणसाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवावे. रंगीत रांगोळी घेऊ नये, तिचा रंग सतरंजीला लागतो. मैदा, टाल्कम पावडर, सिमेंट किंवा राख मुळीच वापरू नये. इतकी बारीक पूड फिल्टरची छिद्रे बुजवते आणि चाचणीच्या नादात चांगले यंत्र खराब होते. रांगोळी आधी चाळून घ्यावी आणि चाळणीतून खाली पडणारा पिठासारखा भाग टाकून देऊन वर राहणारे रवाळ कण तेवढे ठेवावेत.

वजनकाट्याबद्दल थोडा हिशोब आधीच करावा. तुमचे नोझल २७ सेंटिमीटर रुंद असेल आणि तुम्ही ७० सेंटिमीटर लांबीचा एकच पट्टा घेतला, तर दर चौरस मीटरला १२५ ग्रॅम या हिशोबाने त्यावर जेमतेम २४ ग्रॅम रांगोळी बसते. काटा एक ग्रॅम इकडे-तिकडे दाखवत असेल, तर नुसत्या काट्यामुळेच चार टक्क्यांची चूक होते, आणि युरोपच्या श्रेणींची एक पायरी तेवढीच असते. म्हणून घरी पूर्ण एक चौरस मीटरचा चौकोन खडूने आखावा आणि १२५ ग्रॅम रांगोळी घ्यावी, म्हणजे एक ग्रॅमची चूक एका टक्क्याच्या आत राहते. संपूर्ण यंत्र काट्यावर ठेवण्याचा प्रयत्न करू नये. डबा किंवा पिशवी काढून फक्त तिचेच वजन करावे.

सतरंजी आधी गच्चीत नेऊन झटकावी, काठीने बडवावी आणि मग यंत्राने साफ करावी. दर खेपेला डब्याचे वजन करावे आणि ते वाढायचे थांबेपर्यंत साफ करत राहावे. ही पायरी कंटाळवाणी आहे, तरीही ती गाळू नये, कारण सतरंजीतली जुनी धूळ अंशात मिसळली तर सारा हिशोब फसतो. चकतीच्या प्रात्यक्षिकात नेमके हेच झालेले असते.

त्यानंतर रांगोळी चिमटीतून भुरभुरत चौकोनावर एकसारखी पसरावी आणि तळहाताने हलकेच चोळावी. मग लाटण्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून ते अंगाचा थोडा भार देऊन दहा वेळा पुढे-मागे फिरवावे. गडद सतरंजीवर आधी ठळक दिसणारी पांढरी साय हळूहळू विणीत उतरते आणि वरून फक्त धुरकट छटा उरते. इतकी रुतली की पुरे. आता डब्याचे वजन लिहून ठेवून यंत्र सुरू करावे. एक मीटर अंतर कापायला दोन सेकंद लागतील अशा चालीने, घड्याळाकडे लक्ष ठेवून, प्रत्येक पट्ट्यावरून पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे जावे. हात घाईला येतो, तो आवरावा लागतो. फेऱ्या संपल्यावर यंत्र लगेच बंद न करता नळी उचलून थोडी हलवावी, म्हणजे तिच्यात रेंगाळलेले कण डब्यात पोहोचतील, आणि मगच डबा काट्यावर ठेवावा.

समजा, डबा आधी ७४२ ग्रॅम भरला होता आणि नंतर ८३८ ग्रॅम भरला. ९६ ग्रॅम रांगोळी आली. ९६ भागिले १२५ म्हणजे ०.७७. या आकड्याची तुलना प्रयोगशाळेच्या आकड्याशी करू नये. तुमची सतरंजी हे त्यांचे कार्पेट नाही आणि तुमची रांगोळी हे त्यांचे डोलोमाइट नाही. याची तुलना त्याच सतरंजीवर, त्याच रांगोळीने, त्याच हाताने काढलेल्या दुसऱ्या आकड्याशीच करावी : शेजाऱ्यांच्या यंत्राशी, फिरत्या ब्रशच्या नोझलची साध्या नोझलशी, धुतलेल्या फिल्टरची न धुतलेल्या फिल्टरशी, रिकाम्या डब्याची भरलेल्या डब्याशी. दोन यंत्रे असतील तर आधी पहिले, मग दुसरे, पुन्हा दुसरे आणि शेवटी पहिले अशा क्रमाने चालवावीत, म्हणजे सतरंजीत मागे उरलेल्या रांगोळीचा फायदा एकाच यंत्राला मिळणार नाही. प्रत्येकाचे किमान तीन आकडे निघाल्याशिवाय सरासरी काढू नये, आणि दोन सरासऱ्यांत दोन-तीन ग्रॅमचाच फरक असेल तर यंत्रे सारखीच समजावीत.

फरशी, कडा, केस आणि साबुदाणा

फरशीच्या दरजांची चाचणी वजनाशिवायही होते. दरज आधी कोरून साफ करावी, तिची खोली काडेपेटीच्या काडीने मोजून काडीवर पेनाने खूण करावी, मग रांगोळी भरून जुन्या एटीएम कार्डाने ती फरशीच्या पातळीला आणावी. दरजेला आडवे जात दोन फेऱ्या मारून पुन्हा काडी घालावी आणि किती खोलीपर्यंत दरज मोकळी झाली ते पाहावे. नोझलच्या मधोमध आणि दोन्ही टोकांशी वेगवेगळे मोजावे. टोकांशी ओढ कमी पडणारी नोझल्स पुष्कळ असतात.

भिंतीच्या कडेला रांगोळीची सरळ रेघ ओढून नोझल भिंतीला टेकवून एकदाच न्यावे आणि मागे उरलेला पांढरा पट्टा पट्टीने मोजावा. डावी बाजू, उजवी बाजू आणि समोर असे तीन आकडे वेगवेगळे येतात. आयईसीच्या पद्धतीतही भिंतीलगत साफ न होणारी रुंदी स्वतंत्रपणे मोजतात.

साबुदाण्याची चाचणी अवश्य करावी. फरशीवर मूठभर साबुदाणा पसरून नोझल सरळ पुढे ढकलावे. जे नोझल जमिनीला फार घट्ट चिकटते, ते बारीक धुळीच्या चाचणीत चांगले गुण मिळवते, पण त्याच घट्टपणामुळे साबुदाण्यासारखे मोठे दाणे त्याच्या पुढच्या ओठाशी अडतात आणि नांगराच्या फाळापुढे ढेकळे सरकावीत तसे पुढे पुढे ढकलले जातात. घरात लहान मूल असेल आणि रोज पोहे-मुरमुरे सांडत असतील, तर सतरंजीवरचा आकडा दोन-चार टक्क्यांनी कमी असलेले पण दाणे गिळणारे नोझल मी निवडेन. केसांसाठी कंगव्यातले लांब केस सतरंजीवर पसरून यंत्र फिरवावे आणि नंतर ब्रश उलटा करून पाहावा. केस डब्यात गेले की ब्रशला गुंडाळले गेले, एवढेच पाहायचे. केसांचे वजन काट्यावर येत नाही.

मागच्या बाजूने बाहेर काय पडते

उचललेली धूळ यंत्रात राहिली पाहिजे, आणि दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या माणसासाठी हा भाग सफाईच्या गुणाहूनही महत्त्वाचा आहे. येथेही अंश आणि छेद आहेतच. युरोपच्या वर्गवारीतील एच १३ फिल्टर सर्वांत निसटत्या आकाराच्या कणांपैकी किमान ९९.९५ टक्के कण अडवतो, आणि अमेरिकेतील हेपाची, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या फिल्टरची, व्याख्या ०.३ मायक्रॉनच्या कणांसाठी ९९.९७ टक्के अशी आहे. हे आकडे मात्र फिल्टरचे आहेत. फिल्टरभोवतीचे रबर सैल असेल किंवा डब्याच्या झाकणाला फट असेल, तर हवा फिल्टर टाळून त्या फटीतून बाहेर पडते आणि फिल्टर कितीही उत्तम असला तरी त्याला ती गाठतच नाही. म्हणून आयईसीच्या चाचणीत संपूर्ण यंत्रात धूळ सोडून बाहेर पडणाऱ्या हवेतले कण मोजतात, आणि युरोपच्या २०१७ च्या नियमात बाहेर पडणाऱ्या धुळीचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक नसावे, अशी अट होती. विक्रेत्याला 'फिल्टर कोणता?' एवढेच न विचारता 'संपूर्ण यंत्राची चाचणी झाली आहे का?' असे विचारावे. खोक्यावर 'हेपासारखा' अशा अर्थाचे शब्द असतील, तर तो हेपा नाही असे समजून चालावे.

घरी हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. दुपारी खिडकी किलकिली ठेवली की खोलीत जो कवडसा पडतो, त्यात धुळीचे कण नाचताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. कवडसा नसेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत बाजूने पाडावा. खोलीतली हवा तासभर स्थिर होऊ द्यावी, यंत्राची हवा बाहेर पडते ती जागा झोतात आणावी आणि पाच मिनिटे थांबून, नोझल स्वच्छ फरशीवर ठेवून, यंत्र सुरू करावे. सुरुवातीला एखादा लोट येऊन थांबला तर तो बाहेरच्या अंगावरची धूळ असू शकते. लोट येतच राहिला तर फिल्टर काढून पुन्हा नीट बसवावा, त्याच्या कडेचे रबर बोटाने चाचपावे आणि झाकणाच्या सांध्यांवरून झोत फिरवावा. डोळ्यांना दिसणारे कण फिल्टरच्या खऱ्या परीक्षेच्या मानाने पुष्कळ मोठे असतात, त्यामुळे या चाचणीत उत्तीर्ण होणे हा निर्वाळा नव्हे, पण नापास होणे हा नक्कीच इशारा आहे. आमच्या त्या चकतीवाल्या यंत्रात मला असाच लोट झाकणाच्या बिजागरीपाशी सापडला होता आणि यंत्र फिरवल्यावर आईचा खोकला का वाढतो याचा उलगडा तेव्हा झाला.

सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून तो कागद यंत्राच्या खोक्यात ठेवावा : रिकाम्या डब्याचे ग्रॅम, भरलेल्या डब्याचे ग्रॅम, भिंतीकडेचे मिलिमीटर, दरजेतली काडीची खूण. सहा महिन्यांनी तीच सतरंजी, तीच चाळलेली रांगोळी आणि तीच चाल वापरून चाचणी पुन्हा करावी. आलेले वजन पाच ग्रॅमहून अधिक घटले असेल, तर नवीन यंत्राचा विचार करण्यापूर्वी फिल्टर धुऊन पूर्ण वाळवावा, ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढावेत, नळी उजेडासमोर धरून तिला चीर पडली आहे का ते पाहावे आणि नंतर पुन्हा १२५ ग्रॅम रांगोळी मोजून घ्यावी.